चोळीबांगडीच्या रानातला ताग

आमच्या आत्याबाईंकडे, म्हणजे माझ्या सासूबाईंकडे, स्वतःच्या म्हणाव्यात अशा दोनच गोष्टी होत्या. एक पितळी पानपुडा आणि दुसरी तीन एकर जमीन. पानपुडा त्या रोज राखेने घासत, त्यामुळे तो लख्ख होता. जमिनीचं मात्र काही सांगू नका.

ही जमीन त्यांना माहेरहून मिळालेली. वडिलांच्या माघारी भावाने आपल्या वाट्यातला एक तुकडा बहिणीला चोळीबांगडीसाठी म्हणून तोडून द्यायचा, अशी आमच्याकडे रीत होती. सगळेच भाऊ ती पाळत असं नाही. आत्याबाईंच्या थोरल्या भावाने पाळली. त्यांचं गाव आमच्या गावापासून दीड कोसावर, आणि हा तुकडा दोन्ही गावांच्या शिवेवर. जिंतूरहून चारठाण्याकडे जाताना जी उघडीबोडकी माळरानं लागतात, तसलाच. वर चार बोटं माती, खाली मुरूम आणि मधे पांढरे चुनखडीचे खडे. चारठाण्याच्या जुन्या देवळांचे दगड एखाद्याने बसून मोजले तर मोजून होतील, आमच्या या रानातले होणार नाहीत.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्या जमिनीला रान म्हणतच नसत. ‘तुह्या भावाचं बरड’ म्हणत. ‘आगं, तुह्या भावाच्या बरडात कवा जायचं?’ ‘तुह्या भावाच्या बरडातलं बाटूक बैलाला घातलं, बैल मह्याकडं बघायलाय.’ आत्याबाई कधी उलटून बोलत नसत. पदर सारखा करत आणि हातातलं काम करत राहत. त्यांच्या भावाने बहिणीला फसवलं, काळी जमीन स्वतःला ठेवली आणि दगड हिच्या पदरात टाकले, असं मामंजींचं ठाम मत होतं. त्या रागाने त्यांनी सासुरवाडीची वाट सोडली ती सोडलीच. त्यांचे हे मेव्हणे दर भाऊबीजेला आमच्याकडे येत, मामंजी त्यांना पाटावर बसवत, पण जेवताना एकदा तरी बरडाचा विषय निघे. ते मान खाली घालून जेवत.

मी या घरात आले ती विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव होऊन काही वर्षं झाली होती तेव्हा. आमचे हे जिंतूरला शाळेत मास्तर. घरी आले की पेपर वाचत, आणि पेपरात रोज नामांतराचंच काही ना काही असे. शेतात त्यांचं लक्ष नव्हतं. माझं होतं, कारण माझं माहेर पाथरीकडचं. आमच्या वडिलांच्या रानाला कालव्याचं पाणी आलेलं, जमीन काळी, लोण्यासारखी. पाथरीची पोर म्हणून माझ्या नाकाचा शेंडा जरा वरच होता, हे आता कबूल करायला हरकत नाही. शिवाय राग नाकावर. बोलायला लागले की जिभेला हाड नसे.

आत्याबाईंच्या रानात दरवर्षी रब्बीची ज्वारी पेरत. पेर व्हायची, उगवायची, गुडघ्याएवढी होऊन थांबायची. कणसं लिंबाएवढी. ती ज्वारी आत्याबाई घरच्या धान्यात मिसळू देत नसत. माजघराच्या कोपऱ्यात तिच्यासाठी शेणाने सारवलेली एक वेगळी कणगी होती, माझ्या डोक्याहून उंच. ती भरलेली कुणी पाहिली नव्हती. तळाशी जे काही पडे, त्यातलं मूठपसा त्या भाऊबीजेपर्यंत राखून ठेवत आणि भाऊ आला की त्याच पिठाची भाकरी त्याच्या ताटात वाढत. ‘तुझ्याच रानातली हाय, दादा’ म्हणत. मला तेव्हा ते वेडेपण वाटे.

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात मामंजींनी निकाल काढला. आमच्या मोठ्या रानाला लागून एकाची दीड एकराची पट्टी होती. त्याला शेळ्या चारायला माळ हवा होता. तो अदलाबदलीला तयार झाला. मामंजी माझ्याशी थेट बोलत नसत, आत्याबाईंशीही महत्त्वाचं बोलायचं झालं की बैलांकडे तोंड करून बोलत. त्या दिवशी गोठ्यात बैलाच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “बरड देऊन टाकायलाव. तीन एकराला दीड एकर येतंय, पण माती तर हाय.”

आत्याबाईंच्या हातातली शेणाची पाटी तशीच राहिली. मी आल्यापासून त्यांना काही मागताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मागितलं.

“आवं, दोन वर्सं थांबा. दोन वर्सांत कणगी भरली न्हाई, तर खुशाल द्या.”

“कणगी? तुझी कणगी बरडात भरायची म्हणजे दगडानं भरावं लागंल.” मामंजी हसले. पण बायकोने आयुष्यात पहिल्यांदा काही मागितलं म्हणून म्हणा, की उन्हाळ्याच्या आळसाने म्हणा, ‘दोन वर्सं, इमान राख’ म्हणून मोकळे झाले.

त्या रात्री आत्याबाई जेवल्या नाहीत. सकाळी मी म्हटलं, “आत्याबाई, आमच्या आबांनी उसाआधी तागच पेरला होता. दीड महिन्याचा झाला की नांगरून मातीत गाडतात. जमीन उठते त्याने. आपण पावसाळ्यात ताग करू, गाडू, आणि वर ज्वारी पेरू.”

“पेरायचं आन गाडायचं?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना पोळी करून उकिरड्यावर टाकायला सांगितलं असावं. “मंग पेरायचं काहून?”

मी माझ्या परीने समजावलं. वीस-पंचवीस वर्षं ज्वारीमागून ज्वारी घेतली, रानाला काही दिलं नाही, वगैरे. शेवटी त्याच म्हणाल्या, “म्हंजी रान उपाशी हाय.” मी हो म्हटलं. उपाशी या शब्दाने काम केलं. उपाशी कुणी राहिलेलं त्यांना बघवत नसे, मग ते मांजर असो की माळ.

आबांनी, माझ्या वडिलांनी, तागाचं बी एस.टी.ने आणून दिलं. पाथरीहून परभणी, परभणीहून जिंतूर, तिथून आमचा फाटा, असं पोतं मांडीशी धरून आले. विहीणबाईंना त्यांनी एकच गोष्ट तीन वेळा सांगितली, “फूल दिसलं की नांगर. एक दिवस जास्त थांबू नका.” आत्याबाईंनी तिन्ही वेळा मान हलवली.

आर्द्रात ताग फेकला. त्या वर्षी पाऊस मनासारखा झाला. बरडावर ताग असा उठला की रस्त्याने जाणारे थांबून बघत. त्याला काही लागत नाही, दगडातही येतो. महिन्याभरात आत्याबाईंच्या कमरेला लागला, मग खांद्याला. आणि मग श्रावणात एक दिवस सगळं रान पिवळं झालं.

इथे माझ्या अकलेचं घोडं अडलं. आत्याबाईंनी त्या रानात आजवर गुडघ्याच्या वर गेलेलं काही पाहिलं नव्हतं. आता त्या रोज सकाळी उठून तिकडे जात. बांधावर उभ्या राहत. झाडांना हात लावून बघत. मी म्हटलं, “आत्याबाई, फूल आलं. नांगर घालायला सांगा.”

“आज सोमवार हाय.”

मंगळवारी मंगळागौर, शुक्रवारी जिवती. मग म्हणाल्या, भरल्या पिकात नांगर घालणं म्हणजे गरवार बाईला घराबाहेर काढणं. “फुलावर आलंय गं ते. त्याच्या पोटात हाय काहीतरी. मह्या हातून व्हायचं न्हाई.” मामंजींना आयतंच झालं. श्रावणात उभं पीक मोडायला मह्या बैलाच्या खांद्यावर जू ठेवणार न्हाई, असं त्यांनी बैलांनाच सांगितलं. मग खांदमळणी आली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे हळद-तुपाने मळतात, त्या दिवसापासून त्यांना कामाला लावत नाहीत. पोळा झाला आणि आठ दिवस झड लागली. पाय ठेवायची सोय राहिली नाही.

पाऊस उघडला तेव्हा तागाच्या शेंगा वाळल्या होत्या. वाऱ्याने त्या खुळखुळत. अख्खं तीन एकर खुळखुळत होतं. गावातली पोरं त्याला ‘खुळखुळ्याचं रान’ म्हणायला लागली. आत्याबाईंनी शेंगा तोडून बी काढलं, दोन गाडगी भरून. मामंजींनी बांधाकडेचा एक भारा कापून ओढ्याच्या डोहात भिजवला, साल सोलली आणि आठ दिवस ओसरीवर बसून बैलांसाठी झकास कासरा वळला. “तुमच्या खतापरीस महा कासरा बरा,” बैलाला म्हणाले. तो कासरा खरोखरच सुंदर झाला होता, याचाच मला जास्त राग आला.

उरलेला ताग शेवटी गाडला. पण तो आता ताग नव्हता, काटक्या होत्या. मातीत कुजलाच नाही. ज्वारी पेरायला तिफण घातली तर दर दहा पावलांवर फणात धाटं अडकत आणि तिफण उचलून झटकावी लागे. पेर तुटक पडली. उगवलं तेही पिवळं. आबा संक्रांतीला आले, बांधावर उभे राहिले आणि मला म्हणाले, “धाटं अजून कुजायलीत, तीच जमिनीचं खायलीत. ज्वारीला काय राहणार? तुला सांगितलं होतं.” मला म्हणाले, विहीणबाईंना नाही. मी सगळं गिळलं.

कणगीच्या तळाशी त्या वर्षी जेमतेम दोन पाट्या पडल्या. अदलाबदलीवाला शेळ्या घेऊन बांधावरून दोनदा फिरून गेला. एक वर्ष राहिलं होतं.

दुसऱ्या वर्षी बी घरचंच होतं. गेल्या वर्षीच्या चुकीची एवढी एकच कमाई. आर्द्रात परत ताग टाकला, परत आला, परत श्रावणात पिवळा झाला. मी दिवस मोजत होते. फुलं उघडली त्याच संध्याकाळी मी म्हटलं, “आत्याबाई, उद्या.”

त्या तांदूळ निवडत होत्या, निवडत राहिल्या.

“आत्याबाई, उद्या नांगर.”

“उद्या नको गं. जरा थांब. आज तर फुलं उघडलीत.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभर गिळलेलं सगळं बाहेर आलं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही आणि जे आठवतं ते सांगायला आजही लाज वाटते. शेवटी म्हणाले, “तुमच्या भावाने दगड तुमच्या पदरात टाकले, ते तुम्ही वीस-पंचवीस वर्षं मिरवताय. आता काही चांगलं होतंय तर ते तुम्हालाच नकोय. द्या मग त्या शेळीवाल्याला.”

मामंजींचंच वाक्य, पण मामंजी ते थट्टेत म्हणायचे. मी थट्टेत म्हटलं नव्हतं.

आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं. माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी असतं तर मला बरं वाटलं असतं, पण पाणी नव्हतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मह्या भावाचं नाव काढू नको.” आणि उठून गेल्या. मी ते तांदूळ निवडून पूर्ण केले. त्यात खडा एकही सापडला नाही.

सकाळी मी उठले तर आत्याबाई न्हाऊन, धुवट लुगडं नेसून तयार. ताटात चोळीचा खण, नारळ, हळद-कुंकू आणि पसाभर ज्वारी. ज्वारी त्या कणगीतली. “चल,” म्हणाल्या. मी गुमान मागे गेले.

रानात पोचल्यावर त्यांनी तागाच्या कडेला खण उलगडून ठेवला. त्यावर ज्वारी, नारळ. पहिल्या ओळीतल्या झाडांना हळद-कुंकू लावलं. गरवार लेकीची भरतात तशी त्यांनी त्या रानाची ओटी भरली. मग तागाशीच बोलल्या, मला ऐकू येईल अशा आवाजात.

“बाई, राग धरू नको. तुला कुणी तोडून न्यायलं न्हाई, की बाजारात विकायलं न्हाई. तू आईच्या पोटात चाललीस. तितून दाना होऊन ये.”

मला तेव्हा त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. पडले नाही. काल एवढं बोलल्यावर आज पाया पडायचं म्हणजे आपलीच लाज काढून घ्यायची, असं वाटलं. ते राहूनच गेलं.

आता नांगर कुणाचा? श्रावणात बैल जुंपणार नाही, या आपल्या शब्दाला मामंजी चिकटून होते. आत्याबाईंनी इर्जिक बोलावली. म्हणजे गावातल्यांनी आपापले बैल-नांगर घेऊन एक दिवस येऊन काम करायचं आणि आपण त्यांना पोटभर जेवू घालायचं. मला वाटलं श्रावणात, उभ्या पिकात, बाईच्या बोलावण्याने कोण येणार? सहा जोड्या आल्या. आत्याबाईंनी पंचवीस वर्षांत कुणाच्या घरी ताक, कुणाच्या घरी बाळंतपण, कुणाच्या घरी पापड असं जे केलं होतं, ते त्या दिवशी नांगर खांद्यावर घेऊन दारात उभं राहिलं.

बायकांनी विळ्याने ताग कापला आणि तासात आडवा अंथरला, मागून येणाऱ्या नांगराने त्यावर माती ओढली. हिरवा रस विळ्याला लागून हात चिकट झाले. मी पुरण वाटायचं सोडून रानातच होते. सूर्य डोक्यावर आला तेव्हा वाटेवर घुंगरं वाजली. मामंजी आपली जोडी घेऊन येत होते. कुणाकडे न बघता त्यांनी बैल जुंपले आणि बैलांनाच म्हणाले, “दुसऱ्याचे बैल आपल्या रानात आन आपले गोठ्यात. बरं दिसतंय व्हय?”

‘आपल्या रानात’ असं ते म्हणाले, हे माझ्या लक्षात आलं. त्यांच्या लक्षात आलं नसावं.

पोळ्यानंतरच्या पावसाने ताग कुजून गेला. हस्तात माती उकरून पाहिली तर काळसर, ओलसर, नाकाला लावावीशी वाटे. तिफण एकदाही अडकली नाही. ज्वारी सरळ ओळीत उगवली आणि गुडघ्याशी थांबायचं विसरली. पोटरीत आली, निसवली, आणि हुरड्याच्या दिवसांत मामंजी कुणाला न सांगता संध्याकाळी तिकडून फिरून येत. विचारलं तर म्हणत, “बैल तिकडं गेलता.” बैल गोठ्यात रवंथ करत बसलेला असे.

उन्हाळा लागता लागता खळं झालं. त्याच रानात, शेणाने सारवून. उपणून झाल्यावर ज्वारीची रास उभी राहिली आणि आम्ही सगळे नुसते बघत राहिलो. फार मोठी होती असं नाही. पाथरीला माझे आबा तिला रास म्हणाले नसते. पण त्या बरडावर ती होती. आत्याबाईंनी भावाला निरोप धाडला होता, पहिलं माप त्याने घालावं म्हणून.

ते आले. खांद्यावर उपरणं, पायांत धूळ, बहिणीहून बरेच म्हातारे दिसत. चपला खळ्याबाहेर काढल्या आणि राशीला हात जोडले. राशीवर हळद-कुंकू वाहिलं. आमच्याकडे रास मोजताना बोलत नाहीत. एकाऐवजी ‘लाभ’ म्हणायचं, मग दोन, तीन, एवढंच. मेव्हण्यांनी पायली उचलली, पहिली भरली. “लाभ.”

मामंजी त्या दिवशी खुशीत होते. इतके, की त्यांना रीतही आठवली नाही. आणि त्यांना खरोखर मोठ्या मनाचं काही बोलायचं होतं. म्हणाले, “पाव्हणं, तुमी बरड दिलं ते दिलं. मह्या सूनबाईनं त्याचं रान केलं. झालं गेलं, आजपासून तुमच्यावर महा राग न्हाई.”

मेव्हण्यांनी भरलेली दुसरी पायली राशीत रिकामी केली. ती राशीवर पालथी ठेवली.

“दाजी, आता मला बोलू द्या. म्या म्हातारा झालो. बरड म्या दिलं न्हाई.”

“दादा,” आत्याबाई म्हणाल्या, “राशीपशी बोलत न्हाईत.”

“तू गप ऱ्हा. तुझी शपत म्या पंचवीस वर्सं पाळली.” ते मामंजींकडे वळले. “म्या हिला वढ्याकाठचं काळं रान दिलतं. कागद करायला तलाठ्याकडं जायचं त्या दिशी ही मह्या घरी आली. म्हणली, दादा, तुला चार लेकरं हायत, ते रान गेलं तर तू खाशील काय? मला शिवेवरचं बरड दे. म्या न्हाई म्हणलो. तर मह्या लेकराच्या डोस्क्यावर हात ठेवून शपत घातली. ह्यांना सांगायचं न्हाई, म्हणली. ह्यांना कळलं तर म्हणतील माहेरच्या पायी मह्या घराचं नुकसान केलं. तव्हापासून म्या तुमचं ऐकून घ्यायलाव, आन ही बी.”

मी आत्याबाईंकडे बघू शकत नव्हते. माझं ते वाक्य, दगड पदरात टाकल्याचं, माझ्याच कानात वाजत होतं. दगड कुणी टाकले नव्हते. त्यांनी पदर पसरून मागून घेतले होते, आणि मी ते त्यांच्या तोंडावर फेकले होते.

मामंजी बराच वेळ राशीकडे बघत होते. बैलांकडे नाही, राशीकडे. मग खाली बसले, पायली उचलली आणि मेव्हण्यांच्या हातात दिली.

“मोजा, पाव्हणं. लाभ झाला, दोन ऱ्हायलं.”

मोजून झालं. पोती भरली. मामंजींनी कुणाला न विचारता दोन पोती उचलून गाडीत टाकली, मेव्हण्यांना गाडीत बसवलं, स्वतः पुढे बसले आणि तागाचा तो कासरा हातात घेऊन बैल मेव्हण्यांच्या गावाच्या वाटेला लावले. पंचवीस वर्षांत त्या वाटेला ते पहिल्यांदा जात होते. आत्याबाई गाडी दिसेनाशी होईपर्यंत उभ्या होत्या. मग खळ्यावर बसून मातीतले सांडलेले दाणे वेचायला लागल्या. मी त्यांच्या शेजारी बसले.

“आत्याबाई, त्या दिवशी मी बोलले…”

“आधी दाने येच,” त्या म्हणाल्या. “चिमण्या यायल्यात.”

आम्ही दोघी अंधार पडेपर्यंत दाणे वेचत होतो. दुसऱ्या दिवशी कणगी भरली. वरचं झाकण बसवायला मला स्टुलावर चढावं लागलं, आणि आत्याबाई खालून, ‘हळू, हळू, पडशील’ म्हणत माझे पाय धरून उभ्या होत्या. पाया पडायचं माझं राहिलं होतं, आणि पाय त्यांनी धरले होते. मी वर तोंड करून रडले, त्यांना दिसू नये म्हणून.

मामंजी दुसऱ्या दिवशी जेवून, नवा टॉवेल खांद्यावर टाकून परत आले. त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. उन्हाळाभर काढला नाही. अदलाबदलीवाला एकदा आला तर त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मला वाटलं, आता ते कधीच काही बोलणार नाहीत.

मृगाचे दोन शिंतोडे पडून गेले त्या सकाळी आत्याबाई चुलीपाशी होत्या, मी भाकरी थापत होते. मामंजी माजघराच्या दारात आले. त्यांच्या हातात तागाच्या बियाचं गाडगं होतं, माळ्यावरून त्यांनी स्वतःच काढलेलं. बैलांकडे नाही, भिंतीकडे नाही, सरळ आत्याबाईंकडे बघून विचारलं,

“आगं, तुह्या रानात ताग कवा टाकायचा?”

आत्याबाई म्हणाल्या, “आर्द्रा लागू द्या.” आणि चुलीत फुंकर घालायला खाली वाकल्या. बराच वेळ वर उठल्या नाहीत. चूल तर केव्हाचीच पेटलेली होती.